वरण गार होतंय

४ नोव्हेंबर
श्रीधर घरी आले! पक्षाघाताने उजवा हात गेलाय, वाचा तर पूर्णच. नजर मात्र तीच – लिफ्टमधला पंखा अजून बंद आहे, हे त्यांनी वर येतायेताच हेरलं.

५ नोव्हेंबर
जेवत नाहीत. सकाळी चहात बुडवून बिस्किट खाल्लं. दुपारी ताट समोर आलं, तर ओठ घट्ट. खिचडी केली, पेज केली. नाही म्हणजे नाही.

७ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, गिळायला अडचण दिसत नाही, पण असंच राहिलं तर सोमवारी नाकातून नळी घालू. तनया फोनवर रडली – "आई, बाबांना जगायचंच नाहीये का गं?" मी लेकीवर ओरडले. मग तोच प्रश्न मला छळत बसला.

संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब आले. "प्रभूमध्ये आनंद आहे, सरोजिनीबाई." म्हटलं, "असेल. आमच्याकडे सध्या पेज आहे, तीही कोणी खात नाही."

देवाशी माझा अबोला आहे. जेवणाची प्रार्थनाही बंद. ते खातं लग्नापासून ह्यांचंच! पेरणाऱ्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानायचे. वरण गार होतंय म्हणून मीच मध्ये मोठ्याने "आमेन!" म्हणायचे, तेव्हा कुठे थांबायचे.

९ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरच्या शालनताई पिठलं-भात घेऊन आल्या. मी घास ह्यांच्या तोंडाशी नेला. ओठ बंद. ताई बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, तुमचं ते डोळे मिटून म्हणायचं राहिलं ना? एरवी तुमच्याकडे जेवायला आलं की भुकेने जीव जातो, पण घास काही उचलू देत नाहीत."

माझा हात तसाच राहिला. माणूस प्रार्थनेसाठी थांबलाय, आणि मी डॉक्टरांच्या मागे लागलेय!

डोळे मिटले. काही सुचेना. "प्रभू, हे पिठलं... शालनताईंनी आणलंय. त्यांचं भलं कर. आमेन."

डोळे उघडले, तर ह्यांचं तोंड उघडं! पाखराच्या पिलासारखं. रडत रडत भरवलं. ताईंनीही डोळे पुसले, वर म्हणाल्या, "आता पुरे. पिठल्यात मीठ बरोबर आहे."

१० नोव्हेंबर
नळी रद्द!!

१५ नोव्हेंबर
आता मलाच गोडी लागलीय. आज पोपट भाजीवाला, त्याची मेथी, ती निवडून गेलेली तनया – सगळे प्रार्थनेत आले. आभार मानायला बसलं की संपतच नाहीत. अबोला कधी सुटला, कळलंही नाही. ह्यांचा हात तसाच आहे, वाचा नाही, तरी भांडी घासताना उगाच आनंद होतो. जन्मापासून चर्चला जातेय, हे असं कधी झालं नव्हतं. पाळकसाहेबांना सांगावं का? नको. रविवारी सगळ्या चर्चसमोर साक्ष द्यायला उभं करतील.

२३ नोव्हेंबर
दुपारी वरणभात. प्रार्थनेत आज फारच रंगले – डॉक्टर, शालनताई, लिफ्टचा पंखा दुरुस्त करणारा, तांदूळ, डाळ... तुपापर्यंत आले होते. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. जड, वाकडा, पण चांगला मोठ्याने –

"आमेन!"