चांदीच्या ऐवजी

४ नोव्हेंबर
बिस्मिल्लाह. आज आम्ही परळीत राहायला आलो. आमच्या युसूफ वडगाव गावाहून टेम्पोत सामान, ड्रायव्हरशेजारी मी, मांडीवर लोणच्याची बरणी. केजपर्यंतच्या खड्ड्यांतही थेंब सांडला नाही. नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण वही माझी आहे म्हणून लिहिते, वाहेद. ह्यांनी इथं भंगाराचं आवार भाड्यानं घेतलंय. पुढं आवार, मागं दोन खोल्या, मध्ये पडदा. खोल्यांत उजेड चांगला आहे. कपडे मात्र आतच वाळवावे लागणार, बाहेर दोरीवर तासाभरात वीज केंद्राच्या राखेचा थर बसतो.

दहावीपर्यंत शिकले त्याचा उपयोग झाला. आवारात येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची नोंद मी ठेवायची, कुठून आला, कोणत्या गाडीनं आला, वजन किती भरलं, पुढं कोणाला गेला. त्याच वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय. कोरी पानं वाया का घालवायची.

तिसरा महिना सरत आलाय. याआधी दोनदा चौथ्यात गेलं. लग्नाला सात वर्षं झाली. पहाटे फजरची नमाज झाल्यावर आज एवढंच मागितलं, या घरात लेकरू रडू दे.

७ नोव्हेंबर
शेजारच्या जिनत खाला येऊन घर बघून गेल्या. म्हातारी आहे पण जीभ तरणी. मी चहाची पत्ती दुसऱ्यांदा उकळली ते त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "तू तर कफनाचं कापडबी घासाघीस करूनच आणशील गं." मला राग आला नाही. माझी अम्मीही असंच बोलायची.

दोन गेल्याचं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मौलवीसाबांकडून ताईत आणून देते, कमरेला बांध, बाळंत होईपर्यंत सोडायचा नाही आणि उघडून बघायचा नाही.

९ नोव्हेंबर
मोठा माल आला. कारखान्यांत पाइपांचं वेल्डिंग तपासून देणारा कुणी कंत्राटदार होता. त्याचं काम बंद पडलं, माणसं पांगली, गोदाम धूळ खात होतं. पहिला निम्मा माल उन्हाळ्यात दुसऱ्या व्यापाऱ्यानं उचलला होता, उरलेला ह्यांनी घेतला. त्यात एक पिवळा डबा होता, पेटीएवढाच, पण दोघांना उचलेना. आमच्याकडे गॅस कटर चालवणारे सिदूमामा पन्नाशीचे आहेत, निम्मं आयुष्य लोखंड कापण्यात गेलं. ते मला म्हणाले, "भाभी, डब्यावर पंख्याचं चित्र हाय. पंख्याच्या मोटारीचा असंल." पिवळ्यावर काळी तीन पाती मीही पाहिली.

कुलूप कापल्यावर आत सगळं शिसं निघालं. शिशाला भाव चांगला येतो म्हणून हे खूश. मधल्या नळीतून सिदूमामांनी एक तुकडा ओढून काढला. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, आरशासारखा लखलखीत, मागं बारीक तारेची शेपटी. इतक्या मळक्या लोखंडात तो एकच स्वच्छ. वजनात धरण्याएवढा नव्हता. मी मागितला तर लगेच दिला.

१२ नोव्हेंबर
खालांनी ताईताचा कागद आणला. मौलवीसाब पैसे घेत नाहीत. पण त्यावर चांदीची डबी हवी, आणि सराफ सांगतो तेवढ्यात आमचं महिन्याचं धान्य येतं. मग मला तो तुकडा आठवला. कागद त्याच्याभोवती गुंडाळला, मेणकापडात शिवला, तारेची शेपटी वळवून कडी केली आणि तीतून काळा दोरा ओवला. चांदीपेक्षा सुबक झाला. खाला बघून हसल्या. बिस्मिल्लाह म्हणून त्यांनीच कमरेला बांधला.

ह्यांना एवढंच सांगितलं की ताईत बांधलाय. बायकांच्या गोष्टीत ते पडत नाहीत.

१५ नोव्हेंबर
दोन दिवस लई उलट्या झाल्या. पोटात पाणीही ठरेना. खाला म्हणतात मुलगी असेल, मुली छळतात. आज बरं वाटतंय. आवारातल्या मालाची नोंद पूर्ण केली.

२३ नोव्हेंबर
चौथा महिना निम्मा झाला. भीती आहे, पण कमरेला हात लावला की धीर येतो.

ताईताच्या जागी कातडी लाल झालीय, उन्हात भाजल्यासारखी. दोरा घट्ट असेल म्हणून सैल केला. खोबरेल लावलं.

२७ नोव्हेंबर
सिदूमामांच्या उजव्या हाताची तीन बोटं सुजलीत. पाण्यानं भरलेले फोड. कटरनं भाजलं म्हणावं तर कधी भाजलं ते त्यांना आठवत नाही. फोड आतून येतायत असं म्हणाले. हळद लावून काम करत होते. ह्यांनी त्यांना रजा दिली.

१ डिसेंबर
अल्हम्दुलिल्लाह. आज बाळ हाललं. दुपारची जोहरची नमाज पढताना, सजद्यात कपाळ टेकलं तेव्हा. मासोळीनं पाण्यात शेपूट मारावी तसं. मागच्या दोघांचं हे मला कधी कळलंच नाही. बरोबर ताईताच्या खाली हाललं. मी तिथंच बसून रडले.

ह्यांनी जिलबी आणली. मी खर्चाबद्दल बोलले नाही.

४ डिसेंबर
केस गळतायत. कंगव्यात नाही, मुठीत. उशीवर पुंजके. खाला म्हणतात गरोदरपणात होतं. पण त्या हसल्या नाहीत.

कमरेला आता फोड आलाय, रुपयाएवढा, मध्ये काळपट. खाला म्हणाल्या, चार दिवस काढून ठेव, जखम भरू दे, मग बांध. मी ऐकलं नाही. चौथा महिना सरत आलाय. दोनदा याच दिवसांत गेलं. आता काढला आणि काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू.

सिदूमामांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. बोटं काळी पडलीत. तापात बडबडतात, माणसं ओळखत नाहीत.

७ डिसेंबर
आवारात सरकारी माणसं आली. मुंबईची चार, त्यांच्याबरोबर परदेशातली एक गोरी बाई. पडद्याआडून ऐकलं. उन्हाळ्यात त्याच गोदामातून जो निम्मा माल गेला त्यातही असा पिवळा डबा होता. तो कुठल्याशा भट्टीत वितळला. त्या लोखंडाच्या वस्तू जहाजानं परदेशी गेल्या, तिथल्या बंदराच्या फाटकात यंत्र वाजलं. त्या देशानं आपल्या देशाला कळवलं. मग एकेक बिल धरून ही माणसं मागं मागं येत त्या गोदामापर्यंत पोचली, आणि तिथून आमच्याकडे. दोन देश मिळून एक डबा शोधतायत.

डबा कुठं गेला ते माझ्या नोंदीत होतंच, ती पानं ह्यांनी त्यांना दाखवली. संध्याकाळपर्यंत डबा लातूरच्या व्यापाऱ्याकडे रिकामा सापडला. आतली वस्तू नाही. ती दिसत काही नाही, वास नाही, आवाज नाही, पण जवळ ठेवली तर माणूस आतून जळतो म्हणे. ह्यांनी शपथ घेऊन सांगितलं, मी पाहिली नाही. खरंच पाहिली नव्हती. डबा उघडला तेव्हा ते शिशाचा भाव विचारायला फोनवर होते.

 आयतुल कुर्सी पढून चारी कोपऱ्यांवर फुंकर मारली.

८ डिसेंबर
त्यांच्या हातात टिकटिकणारं यंत्र आहे. आवारात सकाळी लई वाजलं. त्यांनी पत्रे हलवले, ढीग उपसला, जमीन खणली. काही नाही. दुपारी मी खालांबरोबर डॉक्टरकडे गेले, त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, परत आले तर ह्यांनी सांगितलं, तुम्ही गेलात आणि यंत्र गप झालं. एकदम गप. साहेब लोकांनी यंत्राची बॅटरी काढून पुन्हा घातली.

मी आत येऊन चूल पेटवली. बाहेर यंत्र पुन्हा वाजायला लागलं.

९ डिसेंबर
गल्लीत बोलतात, वाहेदच्या आवारात जिन आहे, लोखंडाबरोबर आलाय, जागा बदलतो. खाला आज आल्या नाहीत.

मी पडद्याजवळ गेले की टिकटिक वाढते. मागच्या खोलीत गेले की कमी होते. तीनदा करून बघितलं. ह्यांना सांगितलं नाही.

माझ्याच मागं लागलंय. मला हे मूल मिळू द्यायचं नाही त्याला. ताईत हातात धरून बसले. बोटं भाजल्यासारखी चुरचुरतात. तरी धरला.

१० डिसेंबर
साहेब म्हणाले घर बघू द्या. ह्यांनी नाही म्हटलं, आत बाई पोटुशी आहे, परका माणूस पडद्याआड जाणार नाही. भांडण झालं. उद्या बाईमाणूस पाठवतो म्हणाले.

बाळ कालपासून हाललं नाही. झोपलं असेल.

हिरड्यांतून रक्त. नमाज बसून पढले. शब्द विसरते.

११ डिसेंबर
ॲम्ब्युलन्समध्ये आहे. बस म्हणाले, हलू नको. म्हणून लिहिते. अक्षर—

गोरी बाई आली, आरोग्य केंद्रातल्या शिवकन्याताई बरोबर. यंत्र ओरडतच होतं. माझ्यासमोर बाई थांबली. माझं पोट पाहिलं. शिवकन्याताईंनी फोटो दाखवला. लखलखीत. शेपटी. विचारलं, असं काही घरात आहे का.

मी कमरेवर हात ठेवला.

दोघी मागं सरल्या. ताई दारातून म्हणाल्या, "काढ, जाहेदा. आत्ता काढ. टाक आणि पळ." मी सांगितलं, यात अल्लाहचा कलाम आहे, जमिनीवर टाकता येत नाही. ताई रडायला लागल्या. गोरी बाई मागं गेलेली परत आली. ती का आली. दोरा तिनंच कापला, लांब चिमट्यानं उचलला, कागदासकट, हळू. कलामाला पाय लागू दिला नाही.

शिशाच्या भांड्यात गेलं. झाकण लावलं. यंत्र गप. आवार, गल्ली, सगळं गप.

हे लांब उभे आहेत. त्यांना येऊ देत नाहीत. कपाळावर हात मारतायत.

मीच मागून घेतलं. मीच शिवलं—

बाई माझ्याशेजारी बसलीय. हातमोजा काढून माझा हात धरलाय. मी शिवकन्याताईंना म्हटलं, माझं राहू द्या, बाळाचं विचारा. जगेल का, एवढंच.

त्यांनी इंग्रजीत विचारलं. लहान प्रश्न होता.

ती लई वेळ बोलतेय. हळू. माझ्याकडे न बघता. ताई मान हलवतायत, मला काही सांगत नाहीत—

थांबली.

आता ताई माझ्याकडे वळल्या आणि—