शनिवारी न येण्याचं कारण

सोमवार, ९ मे
आगाऊ मतदानाचा पहिला दिवस. खरं मतदान शनिवारी, २१ तारखेला. चपलांचं दुकान बंद पडलं तिथेच आमचं केंद्र. चामड्याचा वास अजून गेलेला नाही. ईव्हेट प्रमुख, आम्ही तिघी टेबलांवर.

वाटलं होतं, कोण येतंय! दार उघडलं तर रांग फुटपाथवर. धारा काढून थेट आलेले लोक, गमबुटांना शेण तसंच. रात्रपाळी उतरलेल्या दोन नर्स. खाटीकखान्यातली पोरं जेवणाच्या सुट्टीत. ट्रकवाल्या डॅसीने ट्रक चौकातच लावला, चालूच. शनिवारी तो पर्थच्या वाटेवर असतो. आजवर दर निवडणुकीला मत न दिल्याचा दंड भरत आलाय. म्हणाला, "शनिवारी मतदान ठेवणाऱ्याने आयुष्यात कधी गाय पाळली नसणार."

सगळ्यांना तेच विचारायचं. नाव काय, पत्ता काय, या निवडणुकीत आधी मत दिलंय का, शनिवारी का येता येणार नाही. इथे कळलेलं बाहेर बोलायचं नाही, तशी सही घेतली आहे आमच्याकडून. घरी आल्यावर बोलायला आहेच कोण म्हणा.

मंगळवार, १० मे
पाऊस. पाय सुजलेत.

बुधवार, ११ मे
गार्थ आला.

सहा वर्षांनी समोर. त्याने शेताच्या पाण्याचा हक्क नदीसाठी सरकारला विकला, आमच्या बाजूचा कालवा बंद झाला, मला गाई विकाव्या लागल्या. बाबांच्या जमिनीचं पाणी, असं मी म्हणाले होते. नदी मरत होती, असं तो म्हणाला होता. तेव्हापासून रस्त्यात दिसला तरी मी पलीकडच्या कडेने जाते.

आज कुठे जाणार? टेबल होतं मध्ये.

"तुमचं पूर्ण नाव?" सख्ख्या धाकट्या भावाला तुम्ही म्हणाले.

"गार्थ लेस्ली पर्व्हिस."

पत्ता सांगितला. मी जन्मले त्या घराचा.

"आधी मत दिलंय?"

"नाही."

"शनिवारी का येता येणार नाही?"

नुसतं 'बाहेरगावी' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो म्हणाला, "मेलबर्नला जायचंय. हृदयाची झडप बदलतायत."

मागे रांग होती. मी कागद दिले, घडी कशी घालायची ते सांगितलं, आणि म्हणाले, "पुढे या." तो माझ्या मागे बघत होता, मग गेला. फार वाळलाय. कॉलर गळ्याभोवती सैल.

जेवताना ईव्हेट म्हणाली, "तो उंच माणूस बघितलास? माझं टेबल रिकामं होतं, मी हाक मारली, तरी तुझ्यासाठीच थांबला. दोघांना पुढे जाऊ दिलं."

मी म्हणाले, ऐकू कमी येत असेल.

गुरुवार, १२ मे
दिवसभर मतदार यादीत चुकीच्या रेघेवर खूण करत होते. ईव्हेटने दोनदा टोकलं.

शनिवार, १४ मे
किराणा दुकानात कोरली भेटली, गार्थची बायको. ती नेहमी हसते, मी नेहमी मान हलवते. आज मीच थांबले. कसे आहात सगळे, विचारलं. बिचारीला इतका आनंद झाला की हातातलं पीठ खाली ठेवलं. "बरं चाललंय गं. गार्थ जरा दमतो. येत्या शुक्रवारी आठवडाभर शेपर्टनला जातोय, मित्राकडे राहून ट्रॅक्टर बघायला. तेवढाच बदल."

शेपर्टनला. ट्रॅक्टर.

तिला माहीतच नाही. आणि मी सही केलेली. सही नसती तरी कोणत्या तोंडाने सांगितलं असतं?

रविवार, १५ मे
कोरली चर्चला गेल्याची वेळ साधून त्यांच्या शेतावर गेले. गार्थ कुंपणाच्या तारा ओढत होता. अशा छातीने! पक्कड हातातून काढून घेतली.

"कोरलीला सांगितलं नाहीस."

"तिची आई गेल्या वर्षी त्याच हॉस्पिटलात वारली. परत आल्यावर सांगतो."

"मग मला का सांगितलंस?"

"कुणाला तरी सांगायचं होतं गं. आणि तू बाहेर बोलणार नाहीस. तुम्हाला बोलता येत नाही ना?"

मी म्हणाले, सही मताबद्दल असते रे, झडपेबद्दल नाही. तेव्हा हसला. धाप लागली हसताना.

कसा जाणार, तर म्हणे शुक्रवारी बसने, शनिवारी ऑपरेशन. एकटा. मी म्हणाले, मी नेते. "शनिवारी तुझी ड्यूटी," म्हणाला. मी म्हणाले, ते माझं मी बघते. "कोरलीला सांग," असंही म्हणाले, दोनदा. "परत आल्यावर" — एवढंच. पाण्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

मंगळवार, १७ मे
ईव्हेटला सांगितलं, शनिवारी येणार नाही. चिडली. पोलिंगच्या दिवशी माणूस कुठून आणू? कारण विचारलं. घरचं काम, म्हणाले. खूप वर्षांत हे वाक्य बोलले नव्हते.

शुक्रवार, २० मे
सकाळी टेबलाच्या पलीकडे बसले, लोकांच्या बाजूला. ईव्हेटने विचारलं, "शनिवारी का येता येणार नाही?"

"भावाला घेऊन मेलबर्नला."

तिने वर बघितलं. कागद दिले, हातावर हात ठेवला क्षणभर. मत दिलं. डॅसीसारखीच गत झाली असती माझी, हे केंद्र नसतं तर. एकतर मत, नाहीतर भाऊ.

दुपारी निघालो. गार्थ गाडीत म्हणाला, "आपली मतं एकमेकांना खोडून काढणार, ताई. दोघंही मत द्यायला नसतो गेलो तरी तेच."

"माझ्या टेबलाशी आला नसतास मग."

"तेही आहेच."

पुढे झोपला. सीमूर गाव येईपर्यंत झोपला होता. वाटेत पाऊस होता, सगळं करडं. मी हळू चालवली. हॉस्पिटलात नर्सने विचारलं, जवळचं कोण? त्याने माझं नाव सांगितलं.

शनिवार, २१ मे
गार्थ ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. डॉक्टर बाई बरंच बोलल्या, मला काही ऐकू आलं नाही. मग कोरलीला फोन लावला. माझा आवाज ओळखून ती म्हणाली, "ग्लेनिस! अगं, किती बरं झालं फोन केलास. गार्थ नाहीये, शेपर्टनला गेलाय. परत आला की त्यालाच देते फोन, बोला एकदाचे दोघं."