दोन्ही बाजूंना राजा

लोणंद, ४ सप्टेंबर २०२४

ती. मानसिंगदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. आम्ही खुशाल. वहिनींच्या गुडघ्याचं कळव. डॉक्टरपेक्षा शेजारणींचं जास्त ऐकतात त्या.

तात्यांच्या वर्षश्राद्धानंतर हक्कसोडपत्रावर सही घेतलीस, तेव्हा रानाच्या वाट्याऐवजी तात्यांचा ढब्बू पैसा माझ्या हातात ठेवलास. दोन्ही बाजूंना राजाचं तोंड, टांकसाळीची चूक, लाखात जातो म्हणालास. आता आमच्या प्रांजलला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, महिनाअखेर फी भरायची आहे. पुढच्या शनिवारी साताऱ्याला एका जाणकाराला दाखवते.

उत्तर लिही, मोबाइलवर नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझी,
क्रांती

कुपवाड, ११ सप्टेंबर

चि. सौ. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

वर्कशॉपला लय काम हाय, लेथपुढनं हलता येत न्हाई. तू साताऱ्याला जाऊ नको. ती माणसं लय पोचलेली असतात, खऱ्याला खोटं म्हणून काढून घेतील. भाव चढतोय, वर्षभर थांब. आणि तात्यांची आठवण कुणी विकतं व्हय? फीचं दाजींनी बघावं.

माया हाय तशी राहू दे.

मानसिंग

लोणंद, १६ सप्टेंबर

दादास नमस्कार.

तुझं पत्र आलं ते मी साताऱ्याहून परतल्यावर. त्या म्हाताऱ्या जाणकारानं पैसा फरशीवर टाकला, तर बद्द वाजला. भिंगाखाली कडेच्या आत बारीक सांधा दाखवला. एक पैसा आतून कोरून दुसरा घासून त्यात बसवलाय. हे टांकसाळीतलं नव्हे, लेथवरचं काम, आणि करणाऱ्याचा हात चांगला आहे, म्हणाला. दोन्ही पैसे धड असते तर पन्नासेक रुपये आले असते. याचं काहीच येत नाही. मी तिथंच रडले.

एवढंच सांग, माझ्या हातात ठेवलास तेव्हा तुला माहीत होतं का?

क्रांती

कुपवाड, २४ सप्टेंबर

क्रांतीस आशीर्वाद.

व्हय, ठावं होतं. शिकाऊ होतो तवा मीच केलावता, तात्यांची गंमत करायला. त्यांनी हसून पाकिटात ठेवला, तो शेवटपर्यंत तिथंच होता. रानाचे तुकडे पडले असते तर ऊस कुणालाच परवडला नसता. तात्यांची वस्तू म्हटल्यावर तू जपून ठेवशील, बाजारात न्हेशील असं वाटलं न्हाई. भाऊबीजेला येतो, भारी साडी आणतो.

राग धरू नको.

मानसिंग

लोणंद, २ ऑक्टोबर

दादा,

प्रांजलची जागा दुसऱ्या मुलीला गेली. आपली प्रांजल आता मेडिकलच्या दुकानात कामाला जाते. मामानं असं का केलं विचारते. तुझा लय राग आलाय, आणि तो जाईल असं वाटत नाही.

मी तो पैसा जपून ठेवीन, यावर तू विसंबलास. म्हणजे तात्यांवर माझी माया किती, हे तुला नीट ठाऊक होतं, आणि तिच्याच जोरावर तू सही घेतलीस.

भाऊबीजेला येऊ नकोस. मी ओवाळणार नाही.

क्रांती