नववा बुधवार

बुधवार, १ नोव्हेंबर १९८९

नोव्हेना धरली आजपासून. नऊ बुधवार चर्चमध्ये प्रार्थना. शेवटचा नाताळनंतरचा, २७ तारखेचा. मागणं एकच – ह्यांना परत मस्कतला जाऊ देऊ नकोस, माते. बाकी काही नको. सोनं नको, फ्रीज नको, काही नको!

परवा आले. प्लासिड सहा वर्षांचा झाला, आणि बापाला बघून पाण्याच्या पिंपामागे लपला. 'मम्मी, ते काका कधी जाणार?' ह्यांनी ऐकलं. हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जानेवारीत निघतील, नेहमीसारखे. तारीख विचारली तर म्हणाले, 'बघू.' पूर्वी परतीचं तिकीट खिशात घेऊनच उतरायचे. बघू म्हणे!

शनिवार, ४ नोव्हेंबर

जेवताना जाहीर केलं – खाडीपलीकडे गोराईला मोठं पार्क होतंय, नाताळात उघडणार. आकाशपाळणे, झुकझुक गाडी, उंचावरून पाण्यात सुटणाऱ्या होड्या. नाताळ झाला की सगळ्यांनी जायचं. आईंनीसुद्धा. उर्सुला ताटावरून उठून नाचली. दहा वर्षांची घोडी! सासूबाई म्हणाल्या, 'माझे गुडघे पाळण्यात बसवणार का रे?' पण त्याही खूश.

मीही खूश होते. इतक्यात म्हणाले, 'आणि आपण एक गाईड घ्यायचा.'

मला ठसकाच लागला. गाईड! ताजमहाल बघायला चाललोय का? खाडी ओलांडली की गोराई! तर म्हणतात, 'मस्कतला साहेबलोक कुठेही गेले तरी माहितीचा माणूस बरोबर घेतात. नीट बघायला मिळतं.'

तुम्ही साहेब कधीपासून झालात, असं ओठावर आलं होतं. गिळलं. पहिल्याच आठवड्यात भांडण नको.

बुधवार, ८ नोव्हेंबर

दुसरा बुधवार. चर्चमध्ये अर्धं लक्ष गाईडवर.

रविवार, १२ नोव्हेंबर

आज चारचौघांत मान खाली गेली. चर्चमध्ये मिस्सा सुटली. माझा भाऊ हिलरी बाजूने आला, ह्यांच्यापुढे हात केला – 'काय दाजी, कधी आलात?' हे सरळ पुढे चालते झाले! हिलरीचा हात तसाच हवेत. सगळं गाव बघतंय. मी धावत जाऊन सांगितलं तेव्हा कुठे वळले, 'अरे, लक्ष नव्हतं' म्हणाले. लक्ष नव्हतं! लग्नात ज्याच्या खांद्यावर बसून नाचलात तो हिलरी!

हिलरी हसून म्हणाला, 'राहू दे ताई, आखाताचा वारा लागलाय.' पण चेहरा उतरला होता त्याचा. चहाला ये म्हटलं, आला नाही.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

भागूबाई मासळी घेऊन आली ती दारातूनच ओरडत. 'बाय, तुजे घरवाल्याला माजी पाटी दिसली नाय काय? बाजारात लाथ मारून गेला! पानी सांडलं, बोंबील रस्त्यावर!' मी बोंबील दुप्पट घेतले आणि तिला चहा पाजला. ह्यांना विचारलं तर म्हणे, 'वाटेतच बसली होती ती.' मग काय ती झाडावर बसणार?

बदललेत. हेच खरं. दर खेपेला काहीतरी तिकडे ठेवून येतात. ह्या वेळी माणुसकी ठेवून आले.

रविवार, १९ नोव्हेंबर

गाईड आला! कोण? आपल्या ऑगस्टीन मास्तरांचा मायकल! वायरमन आहे. त्या पार्कात पाळण्यांच्या वायरी ओढायचं काम करतो. नाताळपर्यंत काम संपेल म्हणतो, मग मोकळा. पाच वर्षं माझ्या वर्गात वाकड्या रेघा मारल्या ह्याने, आणि आता हा मला पाळणे दाखवणार.

ओट्यावर खडूने अख्खं पार्क काढलं. लाँच इथे लागते, इथून आत, इथे होड्या. पोरं त्याच्या अंगावर चढलेली. ह्यांचे प्रश्न मात्र भलतेच! लाँचवर चढायला फळी असते का? कठडा आहे का? पायऱ्या कुठे, उजेड कसा? मी म्हटलं, 'पार्क विकत घेताय की काय?'

आणि एक प्रश्न मला कळलाच नाही. 'होडी वरून खाली सुटते ना, तेव्हा मुलांची तोंडं अगदी समोरून कुठून दिसतील? मला तिथे उभा कर. बरोब्बर समोर.' मी म्हटलं, फोटो काढायचा असेल तर कॅमेरा कुठाय? ह्या खेपेला कॅमेरा आणलाच नाही. म्हणाले, 'फोटो नाही ग क्लेमी. बघायचंय.'

मायकल खडू खिशात टाकून उठला.

बुधवार, २२ नोव्हेंबर

चौथा बुधवार. पार्कचा दिवस हे २७ डिसेंबर म्हणत होते. मी ठणकावून सांगितलं – बुधवारी नाही, माझी नोव्हेना आहे. मग गुरुवार, २८ ठरला. कसली नोव्हेना ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

भांडण झालं. व्हायचंच होतं. आज मायकल परत आला होता, दोघं वाडीत जाऊन तासभर कुजबुजत बसले. प्लासिड लपतछपत त्यांच्या मागे. त्याचं आजकाल हेच चाललंय, बापाचा पाठलाग करतो पण जवळ जात नाही. अजून पप्पा म्हणत नाही. 'ते' म्हणतो.

मायकल गेल्यावर मी म्हटलं, 'हा गाईड रद्द करा. घरच्यांच्यात परका माणूस कशाला? आम्हाला घेऊन चालायची लाज वाटते का तुम्हाला?'

'गाईड नसेल तर जायलाच नको.'

बस्स! एवढंच! प्लासिड दाराआडून ऐकत होता, त्याने भोकाड पसरलं. आई म्हणाल्या, 'क्लेमेंटीन, दोन दिवसांचा पाहुणा आहे तो, कशाला तोंडी लागतेस?' आईंनीच पोटच्या पोराला पाहुणा म्हटलं! मी भांडी आदळली. कपांचे कान फुटले, दोन.

बुधवार, ६ डिसेंबर

सहावा. आज गुडघे दुखेपर्यंत बसले. माते, तूसुद्धा पोराची आई आहेस. ह्या घरात पुरुष हवा. आला तर आला, तोही बदललेला. तरी चालेल. असला तरी राहू दे. मी करीन सरळ.

रविवार, १० डिसेंबर

आज एक गोष्ट बघितली. हे ओट्यावर बसले होते. प्लासिड समोरून धावत गेला तर त्याला पकडून दोन गुडघ्यांत धरला, हनुवटी वर केली आणि बघत राहिले. किती वेळ! कपाळ, नाक, पडलेल्या दाताची खिंड. पोरगं चुळबुळ करून सुटलं. मग उर्सुलाला हाक. तिलाही तसंच.

माणूस कायमचा निघाला की असं बघतो. माझी खात्री झाली – ह्यांनी लांबचा करार केलाय. पाच वर्षांचा असेल, जास्तही असेल. पार्क, गाईड, हा सगळा थाट म्हणजे पोरांच्या हातावर ठेवलेला निरोपाचा लाडू.

शनिवार, १६ डिसेंबर

सरळ विचारलं. करंज्या तळत होते, हे बाजूला स्टुलावर. 'परत जाणार का? एकदा काय ते बोला.'

हाताने स्टुलाची कड चाचपली. मग, 'नाताळ होऊ दे. पार्क होऊ दे. मग सगळं सांगतो.'

म्हणजे जाणार. करंज्या करपल्या. 'करपट वास येतोय,' म्हणाले. झाऱ्यापासून हातभर अंतरावर बसून!

बुधवार, २० डिसेंबर

आठवा. एकच राहिला.

शनिवार, २३ डिसेंबर

सगळं क्रमाने लिहून काढते.

सकाळी वाडीत केळीची पानं कापायला गेले. बावखलाच्या, आमच्या त्या जुन्या तळ्याच्या काठाला हे आणि मायकल. काठावरच्या दोन दगडांवर लांब फळी टाकलेली, खाली पाणी. मला वाटलं मासे धरतायत. हाक मारणार तेवढ्यात मायकलचा आवाज आला –

'आता फळी आली, अंकल. उजवीकडे पाणी. लाँचची फळी हलते, ही हलत नाय, एवढंच.'

'उजवीकडचं काहीच नाही दिसत रे. तू बोलत राहा. गर्दीत तर बोलतच राहा. पण हळू. पोरांना कळता कामा नये.'

पाय पुढे टाकायच्या आधी त्यांनी तो फळीवर घासून बघितला. माझा नवरा! नारळावर सरसर चढणारा माणूस!

मी ओरडलेच, 'अहो!' ते वळले आणि मला शोधायला लागले. मी इथे, समोरच्या केळीखाली उभी! नजर माझ्यावरून निघून गेली, परत आली, तेव्हा सापडले मी. मायकल म्हणाला, 'टीचर, मी सांगत होतो अंकलना, तुम्हाला सांगून टाका म्हणून.' आणि तो निघून गेला.

काचबिंदू. दोन्ही डोळे. बाजूचं सगळं गेलंय, समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं – गेलं ते येणार नाही, राहिलंय तेही किती टिकेल सांगता येत नाही. क्रेन चालवणारा माणूस! कंपनीने कायमचंच घरी पाठवलंय. परतीचं तिकीट नाहीच.

हिलरीचा हात. भागूबाईची पाटी. आणि मी काय काय बोलले! लाज वाटते का म्हणाले मी त्यांना!

'नाताळ नासवायचा नव्हता ग,' म्हणाले. 'पोरांना एकदा खदखदून हसताना बघून घेतो. मग सांगू.' मी त्यांचा शर्ट धरून रडले. ते म्हणत होते, 'पानं राहिली तुझी, क्लेमी, पानं घे.'

रविवार, २४ डिसेंबर

राहू दे म्हटलं होतं मी! परत जाऊ देऊ नकोस म्हटलं होतं! आता नाहीच जाणार ते. झालं माझ्या मनासारखं!

असं मागितलं होतं का मी? असं?

तिथले डॉक्टर म्हणाले होते, दुखणं जुनं आहे, माझ्या नोव्हेनाच्या आधीचं. माझं डोकं म्हणतं, खरंय. मन ऐकत नाही. आई नेहमी सांगतात, नऊ पूर्ण झाले नाहीत तर मागणं पोचत नाही. ठीक. नवव्या बुधवारी मी पाय ठेवणार नाही चर्चमध्ये. माझं मागणं मागे घेतलं. ने त्यांना मस्कतला, दहा वर्षं ने, मी चकार शब्द काढणार नाही. डोळे दे.

सोमवार, २५ डिसेंबर

नाताळ. भर चर्चमध्ये ह्यांचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच! बायका माना वळवून बघत होत्या. बघू देत. हिलरी आला तेव्हा मी हळूच म्हटलं, 'डाव्या बाजूला हिलरी.' हे वळले, त्याला कडकडून मिठी मारली. हिलरीला काही समजलं नाही, पण रडला वेडा.

घरी आल्यावर म्हटलं, पार्कला बुधवारीच जाऊ. 'तुझी नोव्हेना?' 'झाली,' म्हटलं.

बुधवार, २७ डिसेंबर

चर्चला गेले नाही. पार्कला गेलो. मायकलला जेट्टीवरूनच परत पाठवला, म्हटलं, 'आज गाईड मी.' दिवसभर कानाशी बोलत राहिले – पायरी, खांब, गर्दी, पायरी. पोरं होडीतून सुटली तेव्हा ह्यांची मान दोन्ही हातांनी धरून समोर वळवली. 'दिसली?' 'दिसली. प्लासिडला दोन दात नाहीत.'

येताना लाँचच्या फळीजवळ आईंना सावरायला मी ह्यांचा हात सोडला. मागे वळून बघते तर प्लासिडने तो धरलेला. वर बघून, कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तो म्हणत होता, 'आता फळी आली, पप्पा. उजवीकडे पाणी.'