पडद्यावरच्या बाई

ती. आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

शाळेनं माझे सातवीच्या विज्ञानाचे तास चित्रित करून ऑनलाइन टाकले, तेव्हा मीच हौसेनं नाचले. हात दाखवून अवलक्षण! आता सातवीच्या सगळ्या तुकड्यांत तेच लावतात. मी फक्त बटण दाबायचं आणि मुलांना गप्प बसवायचं. काल एकाला शंका आली म्हणून समजावायला गेले, तर शेजारची मुलगी म्हणते, "बाई, हळू बोला ना, बाई शिकवतायत."

दादा सांगत होता, माझी आठवण आली की तू तेच धडे लावून बसतेस. नको लावूस, आई. तू "जेवलीस का?" विचारलंस, तरी ती बया थांबायची नाही.

तुझी,
धाकटी