पुलावरून येणारी

सोमवार, ४ नोव्हेंबर
आलो एकदाच्या लोणावळ्याच्या तुंगार्लीत! तलावाच्या वरच्या अंगाला शेठचा बंगला आणि त्याच्या मागे आम्हा मायलेकींसाठी दोन खोल्या. कोंढव्यातल्या तिसऱ्या मजल्यानंतर अम्मीला ही जन्नतच वाटतेय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला अजून धड दिसत नाही, तरी खिडकीशी उभी राहून ‘अरफा, पाण्याचा वास येतोय बघ’ म्हणाली.

नोकरी माझ्या स्वभावाला साजेशी आहे, पायाला भिंगरी लावणारी. शेठचे बंगले दोन, एक इथं आणि दुसरा खाली कोकणात, वेळसईला समुद्रावर. दोन्हीकडची बुकिंगं, चादरी, गॅस, पाहुण्यांची गाऱ्हाणी सगळं माझ्याकडे. दर शुक्रवारी वेळसईला जायचं, शनिवारी परत. त्यासाठी पांढरी गाडीही दिलीय! इथला स्वयंपाक नंदाबाई बघतात. त्या खालच्या वाडीतल्या. गाडी मी स्वतः चालवते हे ऐकून म्हणाल्या, ‘एकल्या जाता? लय धीराच्या हाय बाई तुमी.’ रात्री त्यांनी तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ केली. अम्मीनं बोटं चाटली.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर (वेळसई)
खोपोलीचा घाट उतरले, पेण मागे टाकलं, आणि पुढे खाडी आडवी आली. रस्ता खाडीला वळसा घालून पुलावरून येतो, त्यात सव्वा-दीड तास मोडतो. पण खाडीत फेरीबोट आहे. गाडी उलटी चढवायची, हँडब्रेक ओढायचा, कठड्याला टेकून एक चहा प्यायचा, की पलीकडचा किनारा आलाच. तिकिटं फाडणारे निजामभाई गप्पिष्ट आहेत. पुलावरून जाणाऱ्यांची त्यांना कीव येते. मलाही आली. अम्मी म्हणते, मी जन्मालासुद्धा दोन आठवडे आधीच आले, एवढी मला घाई. वाचलेल्या वेळात समुद्रावर अनवाणी फिरले.

संध्याकाळी मोबाईलवर मेसेज आला, खाडीपुलावर फास्टॅगमधून टोल कापल्याचा. मी पुलावर गेलेच नव्हते. मशीनची चूक असणार.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर (वेळसई)
पुन्हा टोलचा मेसेज. आणखीही एक चमत्कारिक गोष्ट झाली. फेरीनं लवकर पोचले, म्हणून गाडी बंगल्यात ठेवून मासळी आणायला पायीच बाजारात गेले. परतले तर इथला रखवालदार विठ्ठल फाटकाबाहेर रस्त्याकडे बघत उभा. म्हणाला, ‘मॅडम, तुमची गाडी आत उभी आहे. मग आत्ता तुम्ही कुठल्या गाडीतून आला होता?’ मी म्हणे फाटकासमोर गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवून बराच वेळ घराकडे बघत बसले, आणि त्यानं हाक मारताच निघून गेले.

चौकीत जाऊन आले. ते म्हणाले, हल्ली खोट्या नंबरप्लेटांचा सुळसुळाट आहे. अर्ज लिहून दिला. पांढऱ्या गाड्या काय थोड्या असतात? आणि विठ्ठलनं कुणातरी बाईला लांबूनच पाहिलं असणार. जिवाला बरं वाटलं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर (वेळसई)
बरं वाटत नाही.

दुपारी पेट्रोलपंपावरून फोन आला. पंप पुलाच्या रस्त्यावर आहे, मी तिथं कधी थांबलेले नाही. तरी त्यांच्याकडे माझा मोबाईल नंबर होता. ‘मॅडम, तुमची ओढणी राहिली इथं.’ ओढणी माझ्या गळ्यात होती. मी म्हटलं, फोटो पाठवा. त्यांनी कॅमेऱ्यातलाही एक फोटो पाठवला.

गाडी माझी. नंबर माझा. गाडीला टेकून उभी आहे ती मी. अंगात हाच हिरवा कुर्ता, जो मी आज सकाळी कपाटातून काढला. फक्त केस विस्कटलेले, चेहरा धुळीनं माखलेला, फार लांबून गाडी हाकत आल्यासारखा. आणि ती कॅमेऱ्याकडेच बघतेय.

शनिवार, २३ नोव्हेंबर
फेरीनंच परतले. चारला घरी पोचले, आंघोळ केली आणि लगेच चालत बाजारात गेले. आले तर अम्मी खुशीत होती. म्हणाली, आज किती दिवसांनी माझ्याजवळ निवांत बसलीस, बेटा. पाय दाबून दिलेस, डोळ्यांत थेंब घातलेस.

मी थेंब घातले नव्हते. बाटली उघडी होती. अम्मीच्या गालावर ओघळ अजून ओले होते.

नंदाबाईंना विचारलं. त्यांनी स्वयंपाकघरातून पाहिलं होतं. ‘तुमीच व्हता की ताई. हाक मारली तर बोलला न्हाई. पायावर ही धूळ.’

फरशीवर पावलं उमटली होती, दारापासून अम्मीच्या पलंगापर्यंत. मी त्यात पाय ठेवून बघितला.
बघायला नको होतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर
झोप नाही. खोलीत येरझाऱ्या घालते, तर अम्मी म्हणते, काल कशी शांत बसली होतीस, आज काय झालं? काल मी दिवसभर पाहुण्यांसाठी लोणावळा स्टेशनवर होते.

अम्मीला खरं सांगायचा प्रयत्न केला. ती हसली. म्हणाली, डोळे अधू आहेत, हात नाहीत; लेकीचा हात मला कळतो.

गुरुवार, २८ नोव्हेंबर
आता कळलं. मी फेरीनं जाते, तेव्हा ती पुलावरून येते. जो रस्ता मी चुकवते, तो ती धरते. म्हणून ती मागून येते. पण दर वेळी आधीपेक्षा लवकर.

शेठकडे रजा मागितली. वेळसईला लग्नाचं बुकिंग आहे, नाही म्हणाले. ही नोकरी गेली तर या खोल्याही जातील, अम्मीला घेऊन कुठे जाऊ?

मग ठरवलं. उद्या पुलावरून जायचं. तो रस्ता मीच धरला, तर तिला रस्ताच उरणार नाही.

नंदाबाईंना बजावलं, अम्मीला एकटं सोडू नका, मी येईपर्यंत कुणालाही दार उघडू नका. त्यांनी विचारलं, ‘ताई, तुमी आलाय हे मला कळायचं कसं?’


शुक्रवार, २९ नोव्हेंबर
पुलापलीकडे गाडी बाजूला घेतलीय. रस्ता संपतच नाही. ऊन, धूळ, खड्डे. आत्ताच निजामभाईंचा फोन आला. म्हणाले, आज एवढी कसली घाई, बोट टेकायच्या आत गाडी सुरू केलीत, सलामही घेतला नाहीत.

ती फेरीनं गेली.

मी पुलाच्या रस्त्यावर आहे. मागून येणारी आता मी—

वेळसई
विठ्ठल फाटक उघडेना. म्हणाला, मॅडम मगाशीच येऊन गेल्या, अम्मीला बरं नाही म्हणून माघारी निघाल्या. मी मॅडमच आहे, म्हटलं. त्यानं कुलूप लावलं. दोन पावलं मागे सरला.

खोपोली
घरी फोन लावला. अम्मीनंच उचलला. म्हणाली, शेजारच्या खोलीतून फोन कसला करतेस, बेटा? इकडेच ये की.
मी ओरडले, अम्मी, दार लावून घे, ती मी नव्हे. पलीकडून कुणीतरी हळूच फोन घेतला. श्वास ऐकू आला. मग बंद.

तुंगार्ली
दिवस मावळतोय. अंगणात पांढरी गाडी उभी आहे. दार ठोठावलं. नंदाबाई खिडकीत आल्या, माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. ‘ताई घरात हायेत. तुमी जा वो बाई, तुमच्या पाया पडते.’

आतून अम्मीचा आवाज आला. बाहेर कोण आहे गं? मी सांगितलं—
नाही. मी नाही. तिनं सांगितलं. माझ्या आवाजात. कुणी नाही अम्मी, वाट चुकलेली आहे कुणी.

अम्मी हसली. किती दिवसांनी अशी—

गाडीत येऊन बसलेय. आरशात बघवत नाही. केस, धूळ. किल्ली फिरवते, गाडी सुरू होत नाही—

दार उघडलं. ती पायऱ्या उतरतेय. आंघोळ केलेली, केस विंचरलेले. घाईत, एक पायरी सोडून. मी उतरते तशीच.

दारं आतून लॉक केलीत. पण किल्ली तिच्याही हातात—