वळणावरचा माणूस

४ फेब्रुवारी

आज पुन्हा हात हलवला तिने! मी वळणावर दिसलो न दिसलो तोच वरच्या खिडकीत हात वर — जोरजोरात. मीही पिशवीसकट हात हलवला. दिव्याच्या खांबापाशी पोचलो तर आत पळालेली. रोजचंच. लाजते, दुसरं काय! लग्नाला वर्ष होत आलं तरी हिच्या लेकीला मी 'काका'च आहे. असेना का. घरी येताना खिडकीतून कोणी हात करत असेल, तर माणसाने आणखी हावरटपणा करू नये.

७ फेब्रुवारी

पोरीचा नंबर वाढलाय, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. फळा दिसत नाही. मी म्हटलं, "चल आमच्या दुकानात. सगळ्यात झकास फ्रेम तुझी!"

चष्मा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. "हा बाबांनी घेतलाय."

"मग फ्रेम हीच ठेवू. नुसत्या काचा बदलू."

"नको म्हटलं ना!" दार आपटलं.

ही म्हणाली, "तिच्या कलाने घे जरा." कलाने म्हणजे किती दिवस आंधळी कोशिंबीर खेळू द्यायची?

८ फेब्रुवारी

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नंबर तपासायच्या फ्रेममध्ये उलट्या नंबरच्या काचा घातल्या — तिला जसं धूसर दिसतं तसं मला दिसावं म्हणून — आणि दारात उभा राहिलो.

काय सांगू! समोरची इमारत विरघळून गेली. सिग्नलचा लाल दिवा फुगून परातीएवढा झाला. माणसं चेहऱ्याशिवाय तरंगत येत होती. कोणाला वय नाही, कोणाला घाई नाही. त्यातून माझे वडील चालत आले — तीच खांद्याची ढब! त्यांना जाऊन किती वर्षं झाली, पण क्षणभर इतकं बरं वाटलं की मी एक पाऊल पुढे टाकलं.

"दारात काय उभा राहिलास रे खुळ्यासारखा?" मालक होते. कपभर चहा होईपर्यंत माझी चेष्टा करत बसले. मी हसत होतो, पण मन काही बराच वेळ परत आलं नाही.

१० फेब्रुवारी

रविवार. पोरगी दुपारी झोपली होती, चष्मा उशाशी. दांडीचा स्क्रू सैल होताच, ते काही खोटं नाही. दुकानाची किल्ली माझ्याकडे असते. नेला, स्क्रू आवळला — आणि काचाही बदलल्या. कालच घासून ठेवल्या होत्या. इतकी सुबक काच माझ्या हातून कधी बसली नव्हती.

उठली, चष्मा लावला. गॅलरीत जाऊन झाडाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. "पानं सुटी सुटी झाली," एवढंच म्हणाली. मी मनातल्या मनात उड्या मारल्या!

१२ फेब्रुवारी

काल हात नाही. आजही नाही. खिडकीत होती. वळणावरच होतो मी, सरळ माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

१५ फेब्रुवारी

हिने आज सांगितलं. पोर रडत रडत हिला म्हणाली म्हणे — "आधी वळणावर जो कोणी यायचा, तो खांबापर्यंत बाबा असायचा. आता वळणावरच काका होतो."

म्हणजे तो हात माझा नव्हताच! वर्षभर मी दुसऱ्याच्या नावचा नमस्कार घेत आलो. लागलं. खोटं कशाला लिहू — फार लागलं. आणि राग आला त्या माणसाचा. तिकडे त्याचा नवा संसार, आता पाळणाही हलेल. सहा महिन्यांत साधा फोन नाही. आणि इथे ही पोर रोज संध्याकाळी रस्त्यातून त्याला घडवत बसायची.

आणि मी शहाण्याने तो पुसून टाकला.

१६ फेब्रुवारी

जुन्या काचा कागदात गुंडाळून तिच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, "तुला न विचारता बदलल्या, चुकलंच माझं. तू म्हणशील तेव्हा परत बसवून देईन. माझ्याशिवाय कोणाला देऊ नकोस, तडा जाईल."

"मग फळा दिसणार नाही?"

"नाही."

"आणि बाबा दिसतील?"

"बाबांसारखं कोणीतरी दिसेल," म्हटलं. "खांबापर्यंत."

तिने पुडी कंपासपेटीत ठेवली आणि झाकण लावून टाकलं.

१८ फेब्रुवारी

मागच्या गल्लीने घरी आलो. वळण तिला मोकळं राहू दे. या गल्लीत लाँड्री आहे, गरम कपड्यांचा वास येतो. पिवळ्या उजेडात पांढऱ्या चादरी हलत असतात. चालता चालता वाटतं, आपण कोणाच्या तरी झोपेतून चाललोय.

१९ फेब्रुवारी

तीच गल्ली. पुडी अजून पेटीतच आहे म्हणे.

२२ फेब्रुवारी

जेवताना — "काका, तुम्ही हल्ली कुठून येता?"

"मागच्या गल्लीने."

"लांब पडतं की ते."

"पडतं थोडं."

डाव्या हाताने दांडीचा स्क्रू चाचपत होती.

२३ फेब्रुवारी

आज वळणावरून आलो. खिडकीत होती. चष्मा काढला, झग्याला पुसला, परत लावला. नीट बघितलं — आणि हात हलवला! खांबापर्यंत. खांबाच्या पुढेही. आत पळाली नाही.